कुरजांचे दाणे आणि आपली जयणा



पर्युषण संपलं की आमच्या महिला मंडळात दोन वर्गण्या निघतात. एक साधर्मिक भगिनींच्या मुलांच्या फीसाठी आणि दुसरी पाखरांच्या दाण्यासाठी. पहिलीचा हिशेब सगळ्या विचारतात, दुसरीचा कोणी विचारत नाही. पाखरांच्या नावाने दिलेला रुपया वाया जात नाही, ही आपली श्रद्धा. मी बी.कॉम. झालेली, मंडळाचं खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आलेला पैसा गेला कुठे, हे शेवटपर्यंत बघायची सवय हाडात मुरलेली. यंदा मात्र प्रश्न पैशाचा नव्हता, दाण्याचा होता. दाणा पाखराच्या पोटात गेला, तिथे आपण खातं बंद करतो. त्यापुढे काय होतं?

आजचा विषय पाखरांच्या पोटातल्या जंतांचा आणि त्यांच्या विष्ठेचा आहे. तेव्हा जेवून झाल्यावर वाचा. पण वाचा नक्की, कारण यात आपल्या दानाचा प्रश्न आहे.

आपल्यापैकी ज्यांची मूळ गावं मारवाडात आहेत त्यांना खीचन माहीत असेल. फलोदीजवळचं हे गाव. ओसियाँला दर्शनाला गेलेली मंडळी सवड असली तर पुढे खीचनला जाऊन येतात. पावसाळा संपत आला की मंगोलिया आणि मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून हजारो पक्षी तिथे उतरतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात, मराठीत करकोचा. क्रौंचांच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी, तरी उभा राहिला की आपल्या कमरेच्या आसपास येतो. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा. मारवाडी लोकगीतांत परदेशी गेलेल्या धन्याला निरोप पोचवणारी कुरजां ती हीच. मार्चच्या आसपास हे पक्षी परत जातात.

खीचनमध्ये या पक्ष्यांना दाणे घालायची रीत 1970 च्या दशकात मोठी झाली. रतनलालजी मालू आणि त्यांच्या पत्नी यांचं नाव त्यासाठी आदराने घेतलं जातं. आधी ते कबुतरांना आणि चिमण्यांना ज्वारी टाकत. मग त्यात मोजक्याच कुरजां येऊन मिसळल्या. पुढे शेकडो झाल्या, मग हजारो. गावातल्या आणि बाहेरगावी गेलेल्या जैन कुटुंबांनी हात दिला, दाण्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर उभं राहिलं. आता हंगामात वीस हजारांच्या वर पक्षी येतात. सकाळी दाणे टिपायचे, मग रातडी नाडी आणि विजयसागर तलावाकडे पाण्याला जायचं. जून 2025 मध्ये खीचन रामसर स्थळांच्या यादीत गेलं, म्हणजे जगाने जपावी अशी पाणथळ जागा ठरलं. एका समाजाच्या जीवदयेतून एवढं उभं राहिलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पुढे जे लिहिते आहे ते खीचनवर बोट ठेवण्यासाठी नाही. खीचन बघून आपण आपल्या गावात काय करायला निघालो आहोत, त्याबद्दल आहे.

आमच्या गावाबाहेर एक तलाव आहे. जायकवाडीचं फुगवट्याचं पाणी आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे हिवाळ्यात तिकडचे पाहुणे आमच्या तलावावरही येतात. चक्रवाक येतात, थापट्या बदकं येतात, एखाद्या वर्षी करकोच्यांचा थवाही उतरतो. मंडळातल्या एका काकींच्या मनात आलं की काकांच्या स्मरणार्थ या तलावाकाठी मोठा चबुतरा बांधावा आणि रोज पोतंभर धान्य टाकायची सोय करावी. म्हणजे आपल्याकडेही खीचनसारखे पक्षी उतरतील. काकींचं वय अठ्ठ्याहत्तर. रक्कम त्यांनी वेगळी काढून ठेवलेली. मंडळातल्या सगळ्यांना कल्पना आवडली. मी फक्त म्हटलं, आपण जाणकाराला एकदा विचारू.

जाणकार घरातलीच निघाली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला फोन केला. चबुतऱ्याची लांबी-रुंदी सांगायला लागले तर तिने मध्येच विचारलं, "मावशी, चबुतरा झाडणार कोण आणि किती वेळा?"

मी म्हटलं, "आठवड्यातून एकदा गडी येईल."

"मग नका बांधू," ती म्हणाली.

तिने जे समजावलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते सोप्या शब्दांत सांगते.

रानातल्या पक्ष्याच्या पोटात जंत असणं ही नवलाची गोष्ट नाही. गोल कृमी, चपटे पट्टकृमी, केसासारखे बारीक कृमी आणि यांच्याहूनही लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय परजीवी, यांतलं काही ना काही बहुतेक पक्ष्यांच्या आतड्यात सापडतं. पक्षी धडधाकट असेल, पोटभर खात असेल, तर त्याचं यांच्याबरोबर निभून जातं. परजीवीचाही त्यात फायदा असतो, कारण पक्षी मेला तर त्याचंही घर गेलं. हा समतोल बिघडतो तो दोन कारणांनी. पक्षी थकलेला, उपाशी किंवा अगदी लहान असेल तर, किंवा एकाच वेळी फार परजीवी पोटात गेले तर. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी थकलेला असतोच. दुसरं कारण मात्र आपल्या हातात आहे.

यांतल्या एकपेशीय परजीवींचं एक मोठं कुटुंब आहे, आयमेरिया नावाचं. कोंबड्या पाळणारे याला चांगले ओळखतात, त्यांच्याकडे या रोगाला रक्ती हगवण म्हणतात. हा परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि त्याची कवच असलेली बीजं विष्ठेतून बाहेर पडतात. आता नीट लक्ष द्या. बाहेर पडलेलं बीज लगेच कोणाला बाधत नाही. त्याला आधी जमिनीवर पिकावं लागतं. पिकायला ओल लागते, ऊब लागते, हवा लागते आणि साधारण एक-दोन दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. पिकलं की ते दाण्याबरोबर किंवा पाण्याबरोबर दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. गोल कृमींच्या अंड्यांचंही असंच. ती जमिनीत पिकायला दोन-तीन आठवडेही लागतात. ओलसर सावलीत ही बीजं महिनोन्‌महिने टिकतात. ब्लीच आणि फिनाईलसारख्या औषधांना ती सहसा दाद देत नाहीत. पण कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही.

माणसाला याची बाधा होत नाही, ते घाबरू नका. आयमेरियाची प्रत्येक जात आपापल्या ठरलेल्या पक्ष्यांतच राहते.

क्रौंचांच्या बाबतीत मात्र हा रोग जरा निराळा आहे. त्यांच्यात आयमेरियाच्या दोन जाती प्रामुख्याने सापडतात, आयमेरिया ग्रुइस आणि आयमेरिया रायशेनोवी. इतर बहुतेक पक्ष्यांत हा परजीवी आतड्यातच थांबतो. क्रौंचांत तो आतडं ओलांडून रक्तावाटे यकृत, प्लीहा आणि फुप्फुसांपर्यंत जातो आणि तिथे बारीक गाठी करतो. मोठा पक्षी बहुधा तग धरतो, पण त्याच्या विष्ठेतून बीजं पडत राहतात. पिल्लू मात्र दगावू शकतं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेरीलँडमधल्या पटक्सेंट संशोधन केंद्रात पाळलेल्या सँडहिल क्रौंचांमध्ये हा आजार ओळखला गेला. तिथे दुर्मिळ क्रौंचांची संख्या वाढवण्याचं काम चाललं होतं. म्हणजे हेतू जीव वाचवण्याचाच होता. पण एकाच जागी, त्याच मातीवर, पुन्हा पुन्हा पक्षी वाढवले की माती बीजांनी भरून जाते.

हे क्रौंच मोकळे असतात तेव्हा काय करतात, ते ऐकून मला फार आश्चर्य वाटलं. अमेरिकेतला हूपिंग क्रौंच 1941 साली जेमतेम वीस-बावीस उरला होता. आता कॅनडातल्या वुड बफेलो अरण्यातून टेक्सासच्या अरान्सास किनाऱ्यावर हिवाळ्याला येणारा त्यांचा थवा पाचशेच्या पुढे गेला आहे. या पक्ष्यांचा थवा म्हणजे गर्दी नव्हे. आई, बाप आणि पिल्लू असं एक कुटुंब शेकडो एकरांचा पाणथळ तुकडा आपला म्हणून धरतं आणि दुसऱ्या कुटुंबाला तिथे येऊ देत नाही. आपल्याला वाटेल, किती भांडकुदळ! पण त्यामुळे एकाची विष्ठा दुसऱ्याच्या ताटात पडत नाही. टेक्सासमध्ये संशोधकांनी या पक्ष्यांची विष्ठा तपासली तर तिच्यात आयमेरिया सापडला. म्हणजे परजीवी तिथेही आहे. पण अंतर राखलं की त्याला फार जोर करता येत नाही. जागा कमी झाली किंवा खाणं एकाच ठिकाणी मिळायला लागलं की हे अंतर संपतं. तिथल्या जाणकारांना त्याचीच धास्ती आहे.

स्थलांतराचंही तसंच आहे. पक्षी थंडीला आणि उपासमारीला कंटाळून निघतात हे आपण शाळेत शिकलो. पण निघून जाण्याचा आणखी एक फायदा असतो असं शास्त्रज्ञांना वाटतं. घाण झालेली जागा मागे राहते आणि ती सहा-आठ महिने रिकामी पडते. ऊन, वारा आणि बर्फ तिच्यातली बरीच बीजं संपवून टाकतात. आपले साधू-साध्वी चातुर्मास संपला की विहार करतात, एका जागी रुतून बसत नाहीत. कुरजांचंही काहीसं असंच आहे.

जिथे दाण्यामुळे गर्दी झाली, त्याचं मोठं उदाहरण जपानमध्ये आहे. कागोशिमा प्रांतात इझुमी नावाचं शहर आहे. तिथल्या भातशेतांत दर हिवाळ्यात सैबेरिया आणि चीनकडून दहा हजारांहून जास्त क्रौंच येतात. जगातल्या हूडेड क्रौंचांपैकी बहुसंख्य तिथेच असतात. 1952 पासून सरकारने त्या जागेला खास संरक्षण दिलं आहे आणि पक्ष्यांना धान्य टाकलं जातं. लोक प्रेमाने करतात, आपल्या खीचनसारखंच. तिथल्या क्रौंचांच्या विष्ठेतही आयमेरिया सापडलेला आहे. आणि 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे बर्ड फ्लू शिरला, तेव्हा एका हंगामात हजाराहून जास्त क्रौंच गेले. फ्लू हा विषाणू, तो परजीवी नव्हे. पण त्यालाही तेच लागतं, एकाला एक लागून उभे असलेले पक्षी आणि सगळ्यांनी मिळून घाण केलेलं पाणी. आपल्याकडेही नोव्हेंबर 2021 मध्ये जोधपूर जिल्ह्यात कापरडा इथे याच रोगाने कितीतरी कुरजां मेल्या. जपानी लोक आता हे पक्षी दुसऱ्या ठिकाणीही विखुरले जावेत म्हणून खटपट करताहेत. यामागुची प्रांतातल्या याशिरो खोऱ्यात पूर्वीपासून थोडे हूडेड क्रौंच येतात. इझुमीत जखमी सापडलेले काही क्रौंच बरे करून तिथे नेऊन सोडले गेले. मला हे फार पटलं. प्रेम कमी केलं नाही, फक्त एका जागी न साठवता वाटून टाकलं.

अजून एक उदाहरण सांगते, कारण ते घरच्या बाल्कनीचं आहे. इंग्लंडमध्ये घरोघरी बागेत पक्ष्यांसाठी दाण्याच्या नळ्या टांगायची पद्धत आहे. तिथे 2005 पासून ग्रीनफिंच नावाचे हिरवट पक्षी मोठ्या संख्येने मरायला लागले. कारण ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. हा आतड्यात नव्हे, घशात आणि अन्नपिशवीत वाढतो. पक्ष्याला गिळता येत नाही, तो दाणा तोंडात घेतो आणि लाळेसकट टाकून देतो. तोच ओला दाणा दुसरा उचलतो. हा परजीवी मुळात कबुतरांचा, ती त्याला घेऊन आरामात जगतात. काही वर्षांतच ग्रीनफिंचची संख्या सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटली आणि 2021 मध्ये ब्रिटनने त्याला धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकलं. चॅफिंच नावाचे स्थलांतर करणारे पक्षी हा रोग पुढे नॉर्वे-स्वीडनकडे घेऊन गेले असावेत, असं अभ्यासकांचं मत आहे. दाणे घालणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्या नळ्या रोज धुतल्या जात नव्हत्या आणि त्या सुकायला वेळ मिळत नव्हता, एवढंच.

आता येतो आपल्या मनातला खरा प्रश्न. मंडळात मी हे सगळं सांगितलं, तेव्हा एकीने पटकन विचारलं, "मग दाण्यात जंताचं औषध मिसळून देऊ या का? बाजारात मिळतं की."

माझ्याआधी काकीच बोलल्या. "अगं, कृमी म्हणजे द्वीन्द्रिय जीव. एका जिवाला वाचवायला दुसरे हजार मारायचे? मग दया कसली?"

आपल्यापैकी जिने पाठशाळेत जीवविचार शिकलाय तिला हे ठाऊक आहे. इंद्रियांच्या पायऱ्या मोजताना कृमी दुसऱ्या पायरीवर येतो. त्याला स्पर्श आहे, चव आहे. तत्त्वार्थसूत्रात ही पायरी सांगताना पहिलं उदाहरण कृमीचंच दिलं आहे. त्यालाही जगायचं आहे. तेव्हा काकींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

भाचीला विचारलं तर तिने निराळ्याच कारणाने औषधाला नकार दिला. पाळलेल्या क्रौंचांच्या पिल्लांना पशुवैद्य मोजून औषध देतात, ती गोष्ट वेगळी. मोकळ्या थव्यात कोणी दहा दाणे खातो, कोणी दोनशे. कोणाला मात्रा कमी पडते, कोणाला जास्त होते. तेच धान्य खार खाते, चिमणी खाते, चरायला आलेलं जनावर खातं. कोंबड्यांना या रोगावर देतात त्यांतलं मोनेन्सिन नावाचं एक औषध घोड्याच्या पोटात गेलं तर विष ठरतं. शिवाय अर्धवट मात्रेने परजीवी मरत नाही, औषधाला सरावतो. म्हणजे शास्त्राने सांगितलं तेही तेच, धर्माने सांगितलं तेही तेच: औषध मिसळू नका.

मग उरलं काय? उरली जयणा.

जयणा म्हणजे काळजीपूर्वक वागणं, असं आपण सुनांना आणि नातींना शिकवतो. जीव उत्पन्न झाल्यावर त्याला मारायचा की नाही, हा प्रश्नच पडू नये म्हणून आधीच सावध राहायचं. पीठ जुनं होऊ द्यायचं नाही, ओलं भांडं रात्रभर ठेवायचं नाही, पाणी गाळून घ्यायचं. पाखरांच्या दाण्यालाही हाच नियम लावून बघा. विष्ठा त्याच दिवशी उचलली आणि जागा उन्हात सुकली, तर बीज पिकतच नाही. कोणाला विष घालावं लागत नाही आणि पाखराच्या पोटात गरजेपेक्षा जास्त काही जात नाही. साधूंच्या पाच समितींमधली पाचवी तर मलमूत्राचा त्याग कुठे आणि कसा करावा यासाठीच आहे. ज्या धर्माने एवढ्या गोष्टीलाही व्रताचा दर्जा दिला, त्याच्या चबुतऱ्यावर आठ दिवसांची विष्ठा साचलेली असावी, हे मला पटत नाही.

दुसरा नियम गोचरीचा. महाराजसाहेब एकाच घरून पोटभर आहार घेत नाहीत. दहा घरी थोडं थोडं घेतात, कोणावर भार पडू देत नाहीत. आपण सगळ्या पाखरांना एकाच चौथऱ्यावर का बोलवायचं? दहा अंगणांत मूठ-मूठ दाणे पडले तर पाखरं आपोआप विखुरतात. पोट तितकंच भरतं आणि गर्दी होत नाही.

आणि तलावाचं काय? चक्रवाक, थापट्या, करकोचे यांना तलाव आणि भोवतालची शेतं यांतून आपलं खाणं मिळतं. ते त्यासाठीच येतात. त्यांना आपल्या पोत्याची गरज नाही. त्यांना हवं आहे ते पाणी, कडेचा चिखल आणि निवांतपणा.

हे मी मंडळात सांगितलं तेव्हा काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काहीच न करण्यात पुण्य, असं म्हणतेस?" त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता. काकांना पाखरांचं किती वेड होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. शेवटच्या आजारातही खिडकीतल्या वाटीत दाणे आहेत का, हे ते विचारायचे. अशा माणसाच्या आठवणीला नाही म्हणणं सोपं नव्हतं. 2025 मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून किती मनं दुखावली तेही आपण पाहिलंय. एक बाजू म्हणते आमची दया अडवता, दुसरी म्हणते आमची छाती भरते. आमच्या लहानशा मंडळात तसं होऊ नये, असं मला फार वाटत होतं.

मी काकींना म्हटलं, "काहीच न करायचं नाही. जे करायचं ते त्यांच्या भल्याचं करायचं."

पंधरा दिवसांनी काकींनी स्वतः फोन केला. चबुतरा नको म्हणाल्या. त्या रकमेतून तीन कामं ठरली. तलावाच्या काठावर साचलेला प्लास्टिकचा कचरा आणि पतंगाचा मांजा दर महिन्याला वेचून काढायचा. जखमी पक्ष्यांना शहरातल्या पशुवैद्याकडे पोचवण्यासाठी गाडीभाड्याची तरतूद ठेवायची. आणि गावात जिथे आधीपासून दाणे टाकले जातात, तिथे रोज झाडणाऱ्या बाईंना पगार द्यायचा. शेवटच्या कामावर एकीने कुरकुर केली, "झाडूसाठी कोण देणगी देतं?" त्यावर काकी म्हणाल्या, "मी देते. आणि यांचं नाव कुठे लिहू नका." खात्यात मी आता दोन वेगळी पानं केली आहेत, एक दाण्याचं आणि एक सफाईचं. दुसऱ्या पानावर रक्कम शिल्लक नसेल तर पहिल्या पानावरून खर्च करायचा नाही, असा ठराव आम्ही लिहून घेतला.

तुमच्या घरी, गच्चीवर, सोसायटीत पाखरांना दाणे घालत असाल तर एवढं करा. अर्ध्या-पाऊण तासात संपतील तेवढेच दाणे टाका, उरलेले उचला. आज एका कोपऱ्यात, उद्या दुसऱ्या कोपऱ्यात टाका आणि आधीची जागा उन्हात मोकळी राहू द्या. शिळी पोळी, भिजलेला भात टाकू नका, ओल तिथेच धरते. दोन वाट्या ठेवा, एक वापरात आणि एक धुऊन उन्हात. पाण्याचं भांडं उथळ असावं, रोज रिकामं करून घासावं आणि दाण्यापासून लांब ठेवावं, म्हणजे वरून विष्ठा त्यात पडणार नाही. झाडताना धूळ उडू नये म्हणून थोडं पाणी शिंपडा आणि तोंडाला कापड बांधा. सुकलेल्या विष्ठेची धूळ आपल्या फुप्फुसांना चांगली नाही. मुहपत्तीची सवय असलेल्या आपल्याला ते जड जायला नको. मग जागा कोरडी होऊ द्या आणि हात साबणाने धुवा.

पिसं फुलवून सुस्त बसलेला, खाल्लेलं टाकून देणारा किंवा शेपटीखाली विष्ठा चिकटलेला पक्षी दिसला, तर दोन-तीन आठवडे त्या जागी दाणे बंद ठेवा. पाखरं उपाशी मरणार नाहीत, ती विखुरतील आणि ते त्यांच्या हिताचंच आहे. मन खातं, मला माहीत आहे. पण आपणही आजारपणात लंघन करतोच ना?

पुढच्या वर्षी ओसियाँ-खीचनला जाणाऱ्या भगिनींनी कुरजांचे फोटो जरूर काढावेत आणि मलाही पाठवावेत. चुग्गाघरासाठी देणगी द्याल तेव्हा पावतीबरोबर एवढं विनयाने विचारा, की यातला काही भाग सफाईला आणि पक्ष्यांच्या वैद्यकीय तपासणीला लावता येईल का. विचारायला संकोच वाटून घेऊ नका. दान देणाऱ्याने दान कुठवर पोचलं ते बघावं, यात अविश्वास नाही.

आमच्या तलावावर या आठवड्यात चक्रवाकांची पहिली जोडी उतरली आहे. रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जणी पिशव्या आणि हातमोजे घेऊन काठावरचा मांजा वेचायला जाणार आहोत. जवळपासच्या ज्या भगिनींना यायचं असेल त्यांनी नवकारसी झाल्यावर स्थानकापाशी जमावं.

जय जिनेंद्र.